बुटकी खुर्ची

“मान मागे टाक. आणखी. अगं आणखी, तुटत नाही ती,” ताई म्हणाली. खुर्चीतल्या कॅशियरबाईनं मान पार मागे टाकली, तशी ताईनं स्वतःचीही हनुवटी उंच उचलली.

“तू माझ्या भुवया करतेयस की छताची जळमटं बघतेयस?” कॅशियरबाईनं विचारलं.

“दोन्ही. तुला छताचे पैसे वेगळे लावणार,” असं म्हणून ताईनं दोऱ्याचं टोक दातात धरलं. दोरा दातात गेला की तिचं बोलणं बंद. मग गिऱ्हाइकानं बोलायचं, मी कोपऱ्यातल्या स्टुलावरून हुंकार द्यायचा आणि मधे दोऱ्याचा खर्र खर्र आवाज. घराच्या पुढच्या अंगाला काचा लावून बंद केलेल्या त्या गॅलरीत वीसेक वर्षं असंच चाललं होतं.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी या घरात आले तेव्हा तिनं मला पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवलं होतं आणि म्हणाली होती, “धाकटे, तुझ्या भुवया म्हणजे दोन भांडलेल्या बहिणी. थांब, त्यांना बोलतं करते.” तेव्हापासून माझ्या भुवयांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. ती डोक्यामागे उभी राहायची, म्हणजे गिऱ्हाइकाचा चेहरा तिला उलटा दिसायचा. मी एकदा विचारलं होतं, उलट्या चेहऱ्यावरून तुला काय कळतं? तर म्हणाली, “सुलटा चेहरा बघितला की आपण माणूस बघतो गं. उलट्यात नुसत्या भुवया दिसतात. केसभर खोट असली तरी डोळ्यात भरते.”

आणि अशा बाईचे डोळे बिघडावेत! देवाला तरी काही काम होतं की नाही, कोण जाणे.

सुरुवात गळ्यातून झाली. थायरॉइड. ती वाळली, छातीत धडधडायला लागलं, कपबशी धरली तरी किणकिण वाजायची. सगळ्यांवर खेकसायची आणि मग मोरीत जाऊन रडायची. गोळ्यांनी ते बरंचसं आवरलं. पण तोवर डोळे पुढे आले होते, पापण्या वर ओढल्या गेल्या होत्या. रोजची माणसं विचारायची, “काय गं, दचकलीस का?” ती हसून म्हणायची, “तुझं बिल ऐकून तू दचकणार आहेस, त्याचा सराव करतेय.” नंतर एके दिवशी तिला रस्त्यावरून एकावर एक अशा दोन बस येताना दिसल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. या दुखण्यात डोळा हलवणारे स्नायू सुजतात आणि मग आखडतात. हिचा डाव्या डोळ्याचा खालचा स्नायू आखडलाय, त्यामुळे तो डोळा वर उचलला जात नाही. समोर आणि वर बघितलं की एकाची दोन दिसणार. खाली बघितलं तर दोन्ही डोळे जुळतात, एकच दिसतं.

झालं! ताईनं तेवढंच उचललं. खाली एक दिसतं ना? मग तिनं हनुवटी वर करून सगळं जग नाकाच्या शेंड्यावरून बघायला सुरुवात केली. सुताराला बोलावून खुर्चीचे चारही पाय चार-चार बोटं कापून घेतले. म्हणजे गिऱ्हाईक आणखी खाली गेलं, हिची हनुवटी वर, नजर सरळ खाली, आणि त्या जागी जगातली प्रत्येक भुवई जिथल्या तिथे, एकेकटी. सुतार कापलेले तुकडे घेऊन निघाला होता. ती म्हणाली, “ठेवा ते. डोळे बरे झाले की परत जोडायचेत.” चार तुकडे खिडकीत ओळीनं मांडून ठेवले.

म्हणजे काम चाललं होतं, हे मला सांगायचंय. बाकी सगळं बिघडलं होतं, काम तेवढं चाललं होतं.

बाहेर मात्र पंचाईत. हनुवटी वर करून चालणारी बाई बघितली की लोक काय म्हणतात ते सांगायला नकोच. “पार्लर काय चाललं, बाईंना आभाळ ठेंगणं झालंय,” हे मी स्वतः जिन्यात ऐकलं. दादांनीही ऐकलं. दादा म्हणजे माझे थोरले दीर, ताईचे यजमान. गोदामावर सुपरवायझर. मोठ्या आवाजाचे, पण मनानं लोण्याचा गोळा. ताईच्या डोळ्यांत थेंब टाकायला रात्रीचा गजर लावायचे. रस्त्यात तिचा दंड सोडायचे नाहीत. एक दिवस ताई त्यांच्याशी बोलताना त्यांच्या खांद्याच्या वर कुठेतरी बघत होती, तर हे एकदम म्हणाले, “माझ्याकडे बघ ना गं.” ती म्हणाली, “तुमच्याकडेच बघतेय. त्यातला खरा कोण, ते ठरवतेय.” आम्ही हसलो. दादा हसले नाहीत. ते उठून गच्चीवर सिगारेट ओढायला गेले.

ऑपरेशन करायचं त्यांच्या मनानं त्या दिवशी घेतलं.

त्या दवाखान्यात तपासायच्या खोलीत पेशंटबरोबर एकालाच सोडत. मी बाहेर पिशवी, पाण्याची बाटली, रिपोर्टांची फाइल सांभाळत बसायचे. पहिल्याच खेपेला दोघं बाहेर आले तर ताई गालातल्या गालात हसत होती. दादा औषधं घ्यायला गेले तशी मला म्हणाली, “धाकटे, आज मी रिटायर झाले.”

“म्हणजे?”

“डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? मी बोलणार, तर माझी हनुवटी त्या मशीनच्या पट्टीवर टेकवलेली, कपाळाला पट्टा. हलू नका म्हणाले होते. तेवढ्यात हे म्हणाले, ‘गृहिणी आहे.’”

“आणि तू गप्प बसलीस?”

“हनुवटी अडकली होती म्हटलं ना! आणि काय फरक पडतो? डोळा तर तोच आहे. गृहिणीचा म्हणून वेगळं औषध देणार आहेत का?”

मलाही तेव्हा ते पटलं. दादांच्या मनात काही वाकडं नव्हतं. ताईचं काम घरातच होतं, चहाचा कप ठेवून उठायचं आणि गॅलरीत जायचं; बाहेरच्या माणसाला ते ‘काम’ म्हणून सांगायचं त्यांना सुचलंच नसेल. स्वतःचं विचारलं असतं तर गोदामाचा पत्ता सांगितला असता.

डॉक्टरांनी घाई केली नाही. सूज पूर्ण ओसरू दे, डोळ्यांचं माप सहा महिने एकाच जागी राहू दे, मगच हात लावू, म्हणाले. उकळत्या पाण्याचं माप घेता येतं का, असं काहीसं दादांना समजावलं. घरात कुणी सिगारेट ओढतं का, हेही विचारलं. दादा म्हणाले, “मी, पण कधीतरी. आणि गच्चीवर.” डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात धुरासारखा वैरी नाही, दुसऱ्यानं ओढलेल्याचासुद्धा. दादांनी कानाला हात लावले, घरात कधीच ओढणार नाही म्हणाले. उन्हाळाभर ते खरंच गच्चीवर गेले. थंडी पडली आणि गच्ची लांब वाटायला लागली, मग जिना, मग स्वयंपाकघराची खिडकी. माप घेणारी मुलगी काचेचे तुकडे डोळ्यांपुढे धरून माप घ्यायची आणि म्हणायची, मागच्यापेक्षा बदललंय, अजून थांबायचं. असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा दादांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि परत घेतलं नाही. पुढे माप थांबलं.

मधल्या प्रत्येक खेपेला मी ताईला म्हणायचे, “आज तरी सांग गं, पार्लर आहे म्हणून.” ती म्हणायची, “आता त्यांच्यादेखत सांगू? डॉक्टरांपुढे त्यांना खोटं पाडू? जाऊ दे गं. गृहिणी तर गृहिणी.”

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं. सगळीकडे एक दिसेल असं नाही. समोर एक आणि वाचायला बघतो तितकं खाली एक, एवढं साधायचा प्रयत्न करू. टोकाला वर, टोकाला खाली दोन राहू शकतात. दादांनी विचारलं, “मान सरळ होईल ना? माणसासारखं समोर बघेल ना?” डॉक्टर म्हणाले, “होईल.” दादांचे डोळे भरून आले. ताईनंच मला नंतर सांगितलं. म्हणाली, “त्यांचा चेहरा बघून मी काही विचारलंच नाही. विचारायचं होतं, टोकाला म्हणजे किती? माझी खुर्ची त्यात येते का? पण ते इतके खूश झाले होते.”

ऑपरेशन छान झालं. अगदी छान. आखडलेला स्नायू सोडवून मागे बसवला आणि दोऱ्याची गाठ मोकळी ठेवली. दुसऱ्या दिवशी ताई जागी असताना ती गाठ आवळून-सैल करून डोळा जुळवायचा असतो. “धाकटे, त्यांचंही काम दोऱ्यावरच चालतं,” ताई मला म्हणाली, “फक्त दातात धरत नाहीत.” समोर दिवे किती? एक. हा कागद हातात धरून वाचा. वाचला. किती ओळी दिसतात? जेवढ्या आहेत तेवढ्या. डॉक्टरांनी गाठ पक्की केली.

त्या दिवशी ती दवाखान्याबाहेर आली ती मान सरळ ठेवून. डोळा लालभडक, पण चेहऱ्यावर असं हसू की मला रडू फुटलं. तिनं दादांकडे नीट, समोरून, कितीतरी वेळ बघितलं आणि म्हणाली, “अरेच्चा, एकच आहात होय? मी दोघांचा स्वयंपाक करत होते.” दादांनी भर रस्त्यात तिचा हात धरला. त्यांना असं करताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. घरकामाला, अर्थात. ताईनं गॅलरी झाडली, आरसा पुसला, नवं रीळ काढलं. म्हणाली, “पहिली तू. चल बस. किती जंगल वाढवलंयस!”

मी बुटक्या खुर्चीत बसले, मान मागे टाकली. डोक्यावर तिचा उलटा चेहरा आला. हनुवटी वर नव्हती आता. तिनं खाली माझ्याकडे बघितलं आणि ती थांबली. डोळे मिचकावले. हनुवटी उचलली, सवयीनं. आणखीच बिघडलं असावं, कारण लगेच खाली केली. मग मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

“काय झालं?”

“काही नाही. पावडर जास्त झालीय.”

तिनं एक डोळा मिटला आणि दोरा दातात धरला. मला पहिल्या ओढीलाच कळलं. तिचा दोरा केसाला लागायचा, कातडीला कधीच नाही. आता तो पापणीला चावला. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही म्हणतात, ते असेल. मी दात आवळून पडून राहिले. नेहमी मी खुर्चीत बसले की माझी टकळी थांबत नाही, शेजारीण, भाजीवाला, सगळ्यांचा उद्धार होतो. त्या दिवशी मी बोलायचं विसरले आणि ताईनं ते ओळखलं.

“झालं,” ती म्हणाली. अजून एक बाजू राहिली होती.

मी आरशात बघितलं. डाव्या भुवईच्या मधोमध नखाएवढी जागा साफ झाली होती.

“छान झालीय,” मी म्हटलं.

“चल, खोटारडे,” ताई म्हणाली. तिनं पेन्सिल घेतली, मला आरशासमोर सरळ उभं केलं, माझ्या समोर उभी राहिली आणि ती मोकळी जागा रंगवली. समोरून तिचा हात इतका स्थिर होता की रेघ कुठे केसांची आणि कुठे पेन्सिलीची ते मलाही कळेना. मग ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिला इतकी वर्षं बघतेय, पण आजारपणातलं ते मोरीतलं रडणं सोडलं तर तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

तिनं सगळं करून बघितलं, उगाच नाही हार मानली. सुताराचे तुकडे परत जोडायचे म्हणून दादांनी स्वतः डिंक आणि खिळे आणून खुर्ची उंच केली. मान वाकवून बघितली तर दोरा सैल पडायचा. त्याचं एक टोक दातातच ना! खुर्ची आणखी उंच करून समोर बसून बघितलं, तर मागे टाकलेल्या चेहऱ्याच्या नुसत्या नाकपुड्या दिसत. दादा म्हणाले, “केस काप ना लोकांचे. केस समोर असतात.” ती म्हणाली, “बघते.” तिचं ‘बघते’ म्हणजे नाही, हे दादा सोडून घरात सगळ्यांना माहीत आहे.

पुढच्या खेपेला मीही आत गेले. जिना उतरताना तिला आता पायऱ्या दुहेरी दिसायच्या, म्हणून एका हाताला दादा आणि एका हाताला मी. डॉक्टर आधी खुशीत होते. समोर उत्तम, वाचायला उत्तम. मग ताई म्हणाली, “खाली दोन दिसतात.”

“किती खाली?” तिनं बघून दाखवलं. “एवढं खाली कशाला बघायला लागतं? मान वाकवायची थोडी.”

“कामात वाकवता येत नाही.”

“कसलं काम?”

ताई दादांकडे बघायला लागली. दादा खुर्चीत पुढे सरकले. शेवटी मीच सांगितलं. भुवया, खुर्ची, कापलेले पाय, सगळं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, “हे आधी कळायला हवं होतं. मी ‘गृहिणी’ एवढंच लिहून पुढे गेलो, आणखी विचारायला हवं होतं. खालची नजर हीच तुमची रोजीरोटी असेल, तर मी स्नायू एवढा मागे नेला नसता. समोर थोडं अपुरं ठेवलं असतं, थोडी मान वर राहिली असती, पण खालचं एक मी राखलं असतं.”

“थोडी मान वर चालली असती,” ताई म्हणाली. “मला सवय झाली होती.”

परत करता येईल का, असं दादांनी विचारलं. वर्षभरानं बघू, पण एकदा सोडवलेल्या स्नायूची हमी कुणी देत नाही, समोरचं एक आहे तेही जाऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना दादा गाडीत एकच वाक्य बोलले, तेही बाजूच्या काचेकडे बघून. “मी तुला विचारायला हवं होतं.” ताई म्हणाली, “मी सांगायला हवं होतं. पुढे बघा, सिग्नल पडलाय.”

जुनी गिऱ्हाइकं काही दिवस येत राहिली. नुसती बसून चहा पिऊन जायची. कॅशियरबाई एकदा आली ती दुसरीकडून भुवया करून, आणि सगळा वेळ कपाळावर केस ओढून बसली. जाताना ताईनं तिचे केस बाजूला केले, समोरून बघितलं आणि म्हणाली, “चांगल्या केल्यात की. डावी जरा जाड आहे, पण तू सांगू नकोस तिला.” खुर्ची आता दादांच्या पेपर वाचायला आहे. जोडलेला एक पाय डगमगतो. ते त्याखाली कागदाची घडी घालत नाहीत. तसेच डुगडुगत वाचतात.

वर्ष झालं तसे आम्ही पुन्हा गेलो. नेहमीचे डॉक्टर परगावी होते, नवीन तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताईची हनुवटी पट्टीवर टेकवली, कपाळ पट्ट्याला लावलं, हलू नका म्हणाल्या आणि पहिल्यापासून सगळं विचारायला लागल्या. थायरॉइड कधीपासून, गोळ्या कुठल्या, घरात कुणी सिगारेट ओढतं का?

“सोडली,” दादा म्हणाले.

“आणि या काय काम करतात?”

दादा उभेच राहिले. शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारल्यावर पोरं उभी राहतात तसे. वर्षभर हे वाक्य त्यांनी मनात घोकलं असणार, कारण ते न अडखळता म्हणाले, “पार्लर आहे तिचं. स्वतःचं. भुवया करते. अशा भुवया कुणी करत नाही. तिला खाली एक दिसायला पाहिजे.”

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. तेवढ्यात ताईनं पट्ट्यावरून कपाळ मागे घेतलं, हनुवटी उचलली आणि दादांकडे बघितलं. सरळ, समोर, हवं होतं तसं.

“गृहिणी लिहा,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “आणि समोरचं आहे ते राहू दे. परत ऑपरेशन नको.”

मग तिनं हनुवटी पुन्हा पट्टीवर टेकवली.

“दिवे किती दिसतात?”

“एक,” ताई म्हणाली.

दादा अजून उभेच होते. मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.